ठरल्या वेळी, कुणी न सांगता : प्रस्तावना

पावसाळ्यात गोव्यातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडलं की पावसाच्या बातमीत ‘सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत’ हे शब्द हमखास भेटतात. साडेआठच का, हे सहसा कुणी विचारत नाही. जगभरातल्या वेधशाळा एकाच क्षणी नोंदी घेतात आणि त्यासाठी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतात : शून्य, तीन, सहा, नऊ अशी दर तीन तासांनी. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिकडचे तीन ते इकडचे साडेआठ. पणजीला आल्तिनोवरचं हवामान खात्याचं कार्यालय असो की पुण्याची वेधशाळा, रोजचा पाऊस मोजायची वेळ तीच.

आता समजा, डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेतल्या काजू-सुपारीच्या बागायतदारांसाठी कुणी एक छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन केलं. रोजचा पाऊस, आठवड्याची बेरीज, तिळारीच्या कालव्याच्या पाण्याबद्दलची सूचना, एवढंच. बागायतदार सकाळी नऊला मोबाइलवर पान उघडेल तेव्हा आकडा तिथे असला पाहिजे. तो आधीच कुठून तरी आणलेला, तपासलेला, बेरजेत धरलेला असला पाहिजे. ही कामं वापरणाऱ्याच्या बोटाने सुरू होत नाहीत. ती ठरल्या वेळी, पडद्यामागे, पुन्हा पुन्हा व्हावी लागतात. बिलं काढणं, आठवणीचे संदेश पाठवणं, जुन्या फाइली साफ करणं, बॅकअप घेणं, रात्रीचा हिशेब जुळवणं ही सगळी याच जातीची कामं. या पुस्तकाचा विषय तोच.

विषय वरवर सोपा वाटतो. कामाला वेळ लावून द्यायची आणि मोकळं व्हायचं, असा नव्या प्रोग्रामरचा समज असतो, आणि वेळ लावणं खरोखरच सोपं आहे, त्याला एक ओळ पुरते. अवघड आहे ते त्याच्या पलीकडचं. ठरलेल्या मिनिटाला यंत्रच बंद असेल तर? काम अर्ध्यावर मेलं तर? कालचं अजून संपलं नाही आणि आजचं सुरू झालं तर? दोन सर्व्हरांनी एकच काम एकाच वेळी उचललं तर? पान उघडताना चूक झाली तर समोर माणूस असतो, तो वैतागतो, फोन करतो. पडद्यामागचं काम चुकलं तर समोर कुणीच नसतं. ते गुपचूप चुकतं, आणि कित्येकदा महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही तेव्हा कुठे उजेडात येतं. म्हणून या पुस्तकात वेळापत्रकापेक्षा चुकलेल्या वेळेचा विचार जास्त केला आहे.

आमच्या भागातल्या देवळांत पूजेची, सेवेची पाळी घराण्यांकडे वाटून दिलेली असते. पाळीच्या घरी सुतक आलं तर सेवा कुणी करायची, हे आधीच ठरलेलं असतं. देवाची पूजा चुकत नाही आणि दोन घरं एकाच वेळी पूजेला उभीही राहत नाहीत. ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांनी पाळीसोबत पाळी चुकण्याचाही नियम लावला. सॉफ्टवेअरमधलं वेळापत्रक लिहिताना आपण पहिली अर्धी गोष्ट करतो आणि दुसरी विसरतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. बँका आणि विमा कंपन्या मेनफ्रेमवर रात्रीच्या बॅच फार पूर्वीपासून चालवत आल्या आहेत, पण आजच्या वेब प्रोग्रामरचा वारसा युनिक्सकडून येतो. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यातला क्रॉन हा प्रोग्राम दर मिनिटाला जागा होई, एक फाइल वाची, त्या मिनिटाला काही करायचं असेल तर करी आणि पुन्हा झोपी जाई. यादी सगळ्या यंत्राची मिळून एकच होती. अनेक जण वापरतात अशा यंत्रावर प्रत्येकाला स्वतःची यादी हवी, आणि दर मिनिटाला उठण्यापेक्षा पुढच्या कामाच्या वेळेपर्यंतच झोपावं, हा विचार त्याच सुमारास पर्ड्यू विद्यापीठात झाला. १९८७ साली पॉल विक्सी यांनी आपला क्रॉन लिहिला. आज लिनक्सवर जो क्रॉन भेटतो तो बहुतेक ठिकाणी त्याचाच वंशज.

क्रॉनची ओळ म्हणजे पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. तारा म्हणजे ‘कुठलंही चालेल’. ‘३० ८ * * *’ म्हणजे रोज साडेआठ. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही लिपी टिकली, कारण ती एका नजरेत वाचता येते. पण तिच्यात एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी पडतो. गोव्यात पंचायतींच्या नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी भरतात. समजा, या चार महिन्यांच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला गावकऱ्यांना आठवणीचा संदेश पाठवायचा आहे. पहिला रविवार एक ते सात तारखेतच येणार, म्हणून कुणीही सहज लिहील : ‘० ९ १-७ १,४,७,१० ०’. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरलेले असतील तर क्रॉन त्यांच्यात ‘आणि’ धरत नाही, ‘किंवा’ धरतो. म्हणजे एक ते सात तारखेला रोज संदेश जाणार आणि शिवाय महिन्यातल्या उरलेल्या प्रत्येक रविवारी जाणार. एका संदेशाऐवजी महिन्याला दहा किंवा अकरा. यावर उपाय असा की ओळीत फक्त तारखा लिहायच्या आणि आज रविवार आहे का, हे कामाने स्वतः सुरुवातीला तपासायचं.

क्रॉन गृहीत धरतो की यंत्र कायम चालू आहे. डिचोली-पेडण्यात जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली की हे गृहीतक किती टिकतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. रात्री दोनचा बॅकअप दोनला वीज नसल्यामुळे झाला नाही, तर वीज आल्यावर क्रॉन तो भरून काढत नाही, त्याला मागचं काही आठवत नाही. ही उणीव अ‍ॅनाक्रॉनने भरली. तो वेळेऐवजी ‘शेवटचं कधी झालं’ हे लिहून ठेवतो. पुढे सिस्टमडीच्या टायमरांतही चुकलेली फेरी यंत्र सुरू होताच घेण्याची सोय आली. ऑफिसातल्या कपाटाशेजारी ठेवलेल्या एका यंत्रावर सगळा कारभार चालतो, अशी ठिकाणं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

वेब आलं, सर्व्हर एकाचे अनेक झाले आणि वाटा फुटल्या. एक वाट वर्डप्रेसची. स्वस्त होस्टिंगवर क्रॉन मिळेलच असं नाही, म्हणून वर्डप्रेसने पाहुण्यांच्या येण्यालाच घड्याळ केलं : कुणी पान उघडलं की तेवढ्यात ते बघून घेतं की कुठलं काम राहिलं आहे का. गजबजलेल्या साइटवर हे खपून जातं. पण गावच्या देवस्थानच्या किंवा छोट्या पतसंस्थेच्या साइटवर रात्री अकरा ते सकाळी सात कुणी फिरकतच नाही, आणि पहाटे पाचला जायचा संदेश कुणीतरी सकाळी पान उघडेपर्यंत तिथेच पडून राहतो. मराठीतल्या लहान साइटींपैकी कितीतरी वर्डप्रेसवर असल्यामुळे या एका गोष्टीवर पुस्तकात मुद्दाम बरीच पानं खर्च केली आहेत.

दुसरी वाट अ‍ॅप्लिकेशनच्या आतच वेळापत्रक ठेवण्याची. जावात क्वार्ट्झ, पायथनमध्ये २००९ पासून सेलरी आणि तिचा बीट, रूबीत रेस्क आणि नंतर साइडकिक. इथे महत्त्वाची फोड झाली. वेळ झाली हे ओळखणारा वेगळा, प्रत्यक्ष काम करणारे वेगळे, आणि मधे कामांची रांग. वेळ ओळखणारा फक्त रांगेत चिठ्ठी टाकतो. त्यामुळे एक काम रेंगाळलं तरी घड्याळ अडत नाही. लाराव्हेलने यात एक चांगली शिस्त आणली. यंत्रावर क्रॉनची एकच ओळ, दर मिनिटाची. बाकी सगळं वेळापत्रक कोडमध्ये. मला ही कल्पना फार पटते, कारण वेळापत्रक गिटमध्ये येतं. कुणी, कधी, का बदललं ते दिसतं. सर्व्हर बदलताना जुन्या यंत्रावरची क्रॉनची यादी उचलायची राहून जाणं हा या धंद्यातला नेहमीचा अपघात आहे आणि तो यामुळे टळतो.

तिसरी वाट डेटाबेसची. काम, त्याची पुढची वेळ, त्याची अवस्था हे सगळं एका तक्त्यात ठेवायचं आणि कामगारांनी त्यातून एकेक ओळ उचलायची. दोघांनी तीच ओळ उचलू नये म्हणून लॉक लागतं, आणि पूर्वी सगळे त्या लॉकवर खोळंबून राहत. २०१६ मध्ये पोस्टग्रेस ९.५ ने ‘लॉक असेल ती ओळ सोडून पुढे जा’ ही सोय दिली आणि ही वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्पांना, तालुक्याची पतसंस्था असो, शाळा असो की औद्योगिक वसाहतीतला कारखाना, एवढं पुरतं असं माझं ठाम मत आहे. डेटाबेस आधीच आहे, त्याचा बॅकअप आधीच होतो, आणि पैशाची नोंद व काम झाल्याची नोंद एकाच व्यवहारात लिहिता येते. हा शेवटचा फायदा दुसऱ्या वाटांनी सहजासहजी मिळत नाही.

मोठ्या पसाऱ्याच्या वाटा निराळ्या. एकावर एक अवलंबून असलेल्या कामांसाठी एअरबीएनबीत २०१४ मध्ये एअरफ्लो सुरू झाला. कुबरनेटिसने क्रॉनची तीच पाच रकान्यांची लिपी यंत्रांच्या समूहावर नेली. आठवडे चालणाऱ्या, मधे थांबून पुन्हा तिथूनच उठणाऱ्या कामांसाठी टेम्पोरल आलं. यांतल्या प्रत्येकाचे भक्त आहेत. नवख्याने मात्र त्यांच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी वाचाव्यात. गूगलच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये आपल्या क्रॉनवर लेख लिहिला. त्यात ते स्पष्ट सांगतात की शंका असेल तेव्हा काम दोनदा होण्यापेक्षा एकदा हुकलेलं त्यांनी पत्करलं, कारण हुकलेलं पुन्हा चालवता येतं, पण दोनदा गेलेला पगार किंवा पत्रं परत घेणं अवघड. दुसरी गोष्ट कुबरनेटिसच्या स्वतःच्या दस्तऐवजात आहे. ठरल्या वेळी काम साधारण एकदा सुरू होईल, क्वचित दोनदा होईल, क्वचित होणारही नाही, तेव्हा काम असं लिहा की दोनदा झालं तरी बिघडू नये. एवढ्या मोठ्या यंत्रणा ‘नेमकं एकदा’ असं वचन देत नाहीत, तर ते वचन पाळायची जबाबदारी आपल्या कोडवरच येते.

पावसाच्या उदाहरणात हे जवळून दिसतं. साडेआठला नोंद झालेला पाऊस आजच्या तारखेवर पडतो, पण त्यातले साडेपंधरा तास कालचे असतात. आता आकडे आणणारं काम ‘आजचा पाऊस आण आणि बेरजेत मिळव’ असं लिहिलं, तर ते दोनदा चालल्यावर बेरीज दुप्पट होईल, आणि वीज गेल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी चाललं तर भलत्याच तारखेला पाऊस लागेल. तेच काम ‘१५ जुलैच्या नोंदीचा पाऊस आण आणि १५ जुलैच्या ओळीत लिही’ असं केलं, तारीख त्याला बाहेरून दिली आणि बेरीज दरवेळी ओळींवरून नव्याने काढली, तर ते दहादा चालवा, आठवड्याने चालवा, उत्तर तेच. काम कधी चाललं आणि ते कुठल्या दिवसाचं होतं, या दोन गोष्टी वेगळ्या. एअरफ्लो शिकताना लोक सर्वांत जास्त अडखळतात ते नेमके इथेच, आणि वेधशाळेच्या नोंदवहीने ती फोड केव्हाच करून ठेवली आहे.

वेळेचा आपला भारतीय पेच वेगळ्या प्रकरणाइतका मोठा आहे. बहुतेक क्लाउड सर्व्हर यूटीसीवर असतात. मध्यरात्रीचं काम म्हणून ‘० ०’ लिहिलं तर ते आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतं. म्हणून कुणी साडेपाच तास वजा करून साडेअठरा लिहितं. रोजच्या कामाला ते चालतं, महिन्याच्या कामाला चालत नाही. आपल्या एक तारखेची मध्यरात्र यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला येते, आणि शेवटचा दिवस २८, २९, ३० की ३१ हे क्रॉनच्या मूळ लिपीत सांगताच येत नाही. म्हणून वजाबाकी करू नये, वेळक्षेत्राचं नाव लिहावं : एशिया/कोलकाता. कुबरनेटिसमध्ये ही सोय २०२३ मध्ये पक्की झाली. आपण घड्याळं पुढे-मागे करत नाही म्हणून सवय सैल राहते. पण दोडामार्गात बसून न्यू जर्सीतल्या मराठी मंडळासाठी साइट चालवणाऱ्याला मार्चमध्ये कळतं की तिकडे एका रविवारी पहाटे अडीच वाजतच नाहीत, आणि नोव्हेंबरात एका रविवारी पहाटेचा दीड दोनदा वाजतो. घड्याळ किती वाजवायचं हे सरकारं ठरवतात आणि बदलतात. मुंबईने तर १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी स्वतःची वेळ जपली होती.

त्याहून खोल पेच तिथींचा. शिरगावची लईराईची जात्रा वैशाख शुद्ध पंचमीला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने १४ सप्टेंबरला. क्रॉनच्या पाच रकान्यांत तिथीला जागा नाही. कॅलेंडर-प्रणालींत ‘भारतीय’ नावाने जे मिळतं ते १९५७ साली स्वीकारलेलं राष्ट्रीय शक पंचांग. ते सौर आहे, त्याला चतुर्थी ठाऊक नाही. देवस्थानच्या किंवा पुरोहितांच्या अ‍ॅप्लिकेशनचं निम्मं वेळापत्रक मात्र तिथींवर असतं. पुस्तकातला मार्ग असा : देवस्थान जे पंचांग मानतं त्यावरून पुढच्या काही वर्षांच्या तारखा एका तक्त्यात भरायच्या, काम रोज पहाटे एकदा तो तक्ता वाचेल, आणि तक्ता संपायच्या सहा महिने आधी माणसाला कळवेल. तिथीचं गणित कोडमध्ये करण्याचा मोह होतो. पण दोन पंचांगांत मतभेद असतो तेव्हा निर्णय देवस्थानचा असतो आणि कोडने त्यात पडू नये.

हे सगळं आत्ताच का? कारण पूर्वी खिडकीमागचा कारकून जे लक्षात ठेवी ते आता सर्व्हरवर गेलं आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ बॅचांत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड किंवा यूपीआयवरून ठरावीक काळाने आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. म्हणजे अशी वर्गणी घेणाऱ्या प्रत्येक सेवेत एकाची दोन कामं झाली, आणि पहिलं हुकलं तर दुसरं थांबवता आलं पाहिजे. गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची रक्कम दर महिन्याला खात्यात येण्याची वाट लाटंबार्सेतल्या कितीतरी घरांत पाहिली जाते. ती रक्कम पोचवणाऱ्या साखळीत कुठे ना कुठे ठरल्या वेळी चालणारी कामं आहेतच. अशा साखळीतलं वेळापत्रक बिघडलं तर काय होतं ते ब्रिटनने जून २०१२ मध्ये पाहिलं. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या गटात बॅचचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची सुधारणा फसली. लाखो ग्राहकांना अनेक दिवस आपली शिल्लक दिसेना, पगार खात्यात पोचेनात. २०१४ मध्ये नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. तिथे कुणी पैसे चोरले नव्हते, यंत्रं जळली नव्हती, फक्त ठरलेली कामं ठरल्या क्रमाने झाली नव्हती.

या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलेलं आहे, पण ते एकेका साधनाचं आहे. साधन बदललं की ते ज्ञान शिळं होतं. डिचोली, पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडी भागातली मुलं आज घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांची कामं करतात, आणि गावातल्या संस्थांच्या साइटीही तीच सांभाळतात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावं, आणि साधनाऐवजी प्रश्नापासून सुरुवात करावी, हा या पुस्तकाचा प्रयत्न आहे. प्रत्येक कामाबद्दल आधी चार गोष्टी लिहून काढायच्या : हुकलं तर काय, दोनदा झालं तर काय, लांबलं तर काय, आणि यांतलं काहीही झालं तर कुणाला कळणार. चौथ्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त भर दिला आहे. ‘काम बिघडलं तर मेल पाठव’ एवढ्याने भागत नाही, कारण यंत्रच बंद असेल तर मेल पाठवणार कोण. म्हणून कामाने यशस्वी झाल्यावर दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राला खूण द्यायची, आणि ठरल्या मुदतीत खूण आली नाही की त्या दुसऱ्या यंत्राने ओरडायचं.

काय नाही तेही सांगतो. कुठल्याही क्लाउड कंपनीची बटणं कुठे आहेत हे इथे मिळणार नाही. एअरफ्लो आणि टेम्पोरल यांची ओळख आहे, प्रशिक्षण नाही. वाचकाला पीएचपी किंवा पायथन यांपैकी एक भाषा बेताची यावी आणि एसक्यूएलची ओळख असावी. लिनक्स चालवणारं एक जुनं यंत्र पुरेल, आणि शक्य असेल तर ते मुद्दाम मधेच बंद करून बघावं. पुस्तकातले सगळे नमुने भारतीय वेळेवर, पोस्टग्रेसवर चालवून पाहिलेले आहेत, आणि प्रत्येक नमुन्यासोबत तो अर्ध्यावर मारून पुन्हा चालवण्याची कृती दिली आहे. ती कृती वगळून पुढे जाऊ नये.